मांडणीवरची भांडी

एकोणतीस डबे जातात, अठ्ठावीस रिकामे येतात.
एक जसाच्या तसा.
वरणावर साय धरलेली, भाताला डब्याचा आकार आलेला.
झाकणावर निळ्या ऑइलपेंटनं लिहिलंय,
श्रावस्ती, खोली सहा.

पहिल्यांदा वाटलं, मीठ चुकलं.
मग वाटलं, पोरीचे नखरे.
मग एक दिवस डबा रिकामा आला, घासूनपुसून लख्ख,
आणि मला लई बरं वाटलं,
हॉस्टेलच्या मागं कुत्री जमलेली दिसेपर्यंत.

लातुरात एप्रिलमध्ये स्वेटर घालते ही पोर.
टँकरच्या रांगेत बादल्यासुद्धा तापलेल्या असतात तेव्हा.
मार्क विचारले तर सांगते. जेवलीस का विचारलं
तर मार्कच सांगते.

मी काही बोलले नाही. मी कोण बोलणार?
माझ्या उशीच्या अभ्र्यात आजही अर्धी भाकरी असते,
ज्वारीची, कडक, फडक्यात गुंडाळलेली.
दर शुक्रवारी बदलते.
नवऱ्याला वाटायचं, देवाचं काहीतरी असेल.

सात वर्षांची होते. गणपती बोळवून आलो होतो.
पहाटे मांडणीवरची भांडी वाजली.
आई झोपेतच म्हणाली, मांजर असेल गं.
मग माळवद खाली आलं.

आत किती वेळ होते, कुणी सांगितलं नाही.
मला आठवतं ते फक्त तोंड.
तोंडात पांढरी माती, दातांत कचकच,
आणि बाहेर काढल्यावर कुणीतरी हातात दिलेला बिस्किटपुडा,
जो मी कागदासकट चावला.

तेव्हापासून रस्त्यानं ट्रक गेला, भांडी किणकिणली,
की मी दारात उभी असते.
मला कळायच्या आधी पायांना कळतं.
पाय मला विचारत नाहीत.

एका संध्याकाळी ती स्वतःच डबा द्यायला आली.
मी कणीक मळत होते. औसा रोडनं उसाची ट्रॉली गेली,
तांब्या वाजला, ताटं वाजली,
आणि मी पिठाच्या हातानं दारात.
वळून बघते तर बाजूला श्रावस्ती,
माझ्याआधी पोचलेली.
दोघींचा श्वास वर अडकलेला.

मावशी, आमच्याकडं कडी वाजायची. रात्री.
एवढंच म्हणाली.
कडीवर कुणाचा हात, ते ती बोलली नाही,
मी विचारलं नाही.
तिच्या हाताला माझं पीठ लागलं होतं.
ते तिनं पुसलं नाही, बघत राहिली.

सरकारी दवाखान्यात मी सोबत गेले, नातेवाईक म्हणून सही केली.
डॉक्टरीण तरुण होती, बोलताना पेन उघडझाप करायची.
म्हणाली, लांडगा मागं लागलेलं हरीण चरत नाही.
पोट थांबतं, पायांत रक्त जातं.
लांडगा जातो, हरीण अंग झाडतं, परत गवताला लागतं.
तुमच्या अंगाला, ती म्हणाली,
लांडगा गेल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही.

सांगत होती पोरीला.
खुर्चीची कड मी धरली होती.

घरी येऊन मी उशीतली भाकरी तिला दाखवली.
कुणालाच दाखवली नव्हती.
तिनं हातात घेतली, ओट्यावर आपटून बघितली, टक् वाजली.
मावशी, ही खायची असते.
म्हटलं, तू मला सांगायलीस?
आणि दोघी हसलो, उगंच, मोठ्यांदा,
शेजारीण खिडकीत येईस्तोवर.

असं नाही की आता सगळं बरंय.
परवा डबा भरलेला आला. काल
वरणात पोळीचा एक तुकडा बुडवून तसाच सोडलेला.
दवाखान्याची चिठ्ठी दर पंधरा दिवसांची आहे,
एसटीनं गावाकडं गेली की खाडा होतो.
मी शुक्रवारी भाकरी बदलली. हो, बदलली.

आज डबा आला.
उघडायच्या आधी हातात तोलायची सवय माझी,
किती उरलंय ते मनगटालाच कळतं.
तोलला नाही. ओट्यावर ठेवला.
नळाला दहा दिवसांनी पाणी आलं होतं,
आधी ते भरून घेतलं.