छाट

विडी घरकुलातल्या भिंती
सकाळी साडेआठलाच तापायला लागतात.
माझ्या गळ्यात विद्यापीठाच्या धोरण संस्थेचं ओळखपत्र,
फायलीत अठरा पानी प्रश्नावली,
पिशवीत पाण्याची बाटली, जी दारात बसून प्यायला लाज वाटते,
कारण इथं नळ पाचव्या दिवशी येतो
आणि आज तिसरा.

घर क्रमांक एकशे बारा.
यल्लूबाई वडनाल, मांडीवर सूप,
सुपात कातरलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ.
वय विचारलं तर म्हणाली, लिही साठ,
पुढच्या बाईलाही साठच सांगितलं होतं.

मी मराठीत विचारते,
नात श्रावणी तेलुगूत सांगते,
यल्लूबाई ऐकून घेते, मग बोलते.
तिला मराठी चांगलं येतं, हे मला चौथ्या पानावर कळलं.
प्रश्न दोनदा झाला की
मधल्या वेळात चार विड्या जास्त होतात.

योजनेतून मिळालेलं शिलाई मशीन
सध्या वापरात आहे का?
होय असेल तर एक, नाही असेल तर दोन.

"आहे की."

मशीन कोपऱ्यात होतं.
फळीवर दोन घागरी,
पायट्याखाली गुंडाळलेला नळाचा पाइप,
खणात श्रावणीची दहावीची गाइडं.
सुई नव्हती.
मी एक लिहिला. खोडला. दोन लिहिला.
मग "इतर, नमूद करा"पुढची रेघ बघितली,
तीन इंच.
तीन इंचात पाणी लिहू, की दहावी?

"कशाला इतकं खोडलालीस गं?
कोण तपासतंय हे?"

ऑफिसात तपासतात, मी म्हटलं,
जे बसत नाहीत ते फॉर्म बाजूला काढतात.

बोटं पहिल्यांदा थांबली.
"म्हणजे छाट."

मग तिनं एक कट्टा उचलून मला चेकर करून दाखवला:
असा अंगठा दाबायचा, अशी मान हलवायची,
ही बारीक, हिचं तोंड उघडं, ही नुसतीच आवडली नाही.
चाळीस वर्षं, रोज दुपारी, खिडकीपुढं उभं राहून
ती हेच बघत आलेली.
आम्ही या कामाला मूल्यमापन म्हणतो
आणि त्याला कार्यशाळा घेतो.

"छाटीचे पैसे देत नाहीत," ती म्हणाली,
"पण छाट फेकतात असं वाटलं का तुला?
विकतात.
तुमची छाट कुठं जाती?"

अठरा पानांत या प्रश्नाला जागा नव्हती.
मी टोपण लावलं, परत काढलं.

अहवाल झाला. गुळगुळीत कागद,
मुखपृष्ठावर मशीनवर वाकलेली हसरी बाई,
ती कोण, आमच्या कुणालाच माहीत नाही.
वापराचं प्रमाण समाधानकारक.
एकोणचाळीसाव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात:
विसंगत उत्तरांमुळे एक नोंद वगळली आहे.

ती वगळलेली नोंद माझ्या कपाटात आहे.
चोरली म्हणा.
चौथ्या पानावर तंबाखूचा बोटभर डाग,
शिंका येतात अजून.

सहा महिन्यांनी दुसऱ्या फेरीला गेले.
तेच सूप. तोच उंबरा.
श्रावणी आता कॉलेजला, आज सुट्टी म्हणून घरी,
तिच्याही मांडीवर सूप.

"काय लागला निकाल?"
योजना वाढवली, मी सांगितलं. आणखी पन्नास मशिनं.

"बरं झालं," यल्लूबाई म्हणाली,
"पन्नास घरांत घागरी ठेवायची सोय झाली."
आणि तेलुगूत पुढं काहीतरी, खालच्या आवाजात.
दोघी इतक्या हसल्या
की सुपातली तंबाखू माझ्या फायलीवर.

काय म्हणाल्या? मी पेन सरसावून विचारलं.

श्रावणीनं माझा फॉर्म उलटा बघितला,
नेमका रकाना शोधला,
त्यावर बोट ठेवलं.

"लिहा," ती म्हणाली, "लागू नाही."