आधीच्या हाताचा कोन

बेथेस्डाच्या चढावर, चॅपलशेजारच्या दुकानात,
जिथे गेलेल्यांचे कोट आणि एक तुकडा हरवलेली कोडी विकतात,
दोन पौंडांना घेतला. घडीचा चाकू,
शिंगाची मूठ, तिच्यावर खिळ्याने कोरलेला एक ‘टी’,
आणि सांध्यात कुणाची तरी तंबाखू.
लोण्यानेही दाद दिली नसती, इतकं पातं बोथट.

पुस्तकात लिहिलं होतं, वीस अंश.
एकतीस वर्षं भूमिती शिकवली मी,
वीस अंश झोपेतसुद्धा काढून देईन.
पुठ्ठ्याचा त्रिकोण कापला, दगडावर ठेवला,
त्याला टेकवून पातं घासत बसले,
हे गाव ज्याच्या जिवावर जगलं
त्याच जांभळ्या पाटीच्या दगडावर.
तासाभराने चाकू लखलखीत.
धार मात्र तशीच.
तोंड धुऊन, अभ्यास न करता आलेला मुलगा.

मग पलीकडच्या आयव्हियनकडे गेले.
चाळीस वर्षं खाणीत पाट्या चिरल्या त्याने.
छातीत अजून ती धूळ आहे,
जिना चढला की भिंतीपलीकडे मला ऐकू येते.
त्याने चाकू हातात घेतलाच नाही.
म्हणाला, ‘हायल्वेन, तू त्याला शिकवायला बसलीस.
त्याचं शिक्षण कधीच झालंय.
त्याला विचार.’

विचारायचं कसं, तेही त्यानेच सांगितलं.
मार्करने कड काळी कर,
एकदाच ओढ, आणि शाई कुठून गेली ते बघ.

शाई खांद्यावरून गेली होती.
कडेला जशीच्या तशी, ठसठशीत.
म्हणजे तासभर मी
दार सोडून भिंतच ठोठावत होते.

पाठ उचलली. केसभर.
पुन्हा शाई, पुन्हा एक ओढ.
आणखी केसभर.
किती अंश झाले ते सांगता येणार नाही,
करंगळीचं नख दगडाला लागतं न लागतं, एवढं.
आणि आवाज बदलला.
आधी खरखर होती, पाटीवर कोरडी पेन्सिल ओढावी तशी;
आता आवाज असा नव्हताच,
मोकळ्या छातीतून यावा तसा नुसता श्वास,
आणि पाण्याची एक बारीक रेघ
पात्याच्या पुढे पुढे पळायला लागली.

उलटलं. तोच हात, तोच कोन.
शाई गेली ती फक्त टोकाला, दोऱ्याएवढी.
या बाजूला चाकू जवळजवळ निजवावा लागला,
तेव्हा कुठे कड पूर्ण स्वच्छ झाली.

डावखुरा होता का?
की एक मनगट कामावर दुखावलं, आणि तसंच जुळलं?
की स्वयंपाकघरातलं टेबल एका पायाने लंगडं,
आणि तो रोज रात्री जेवण झाल्यावर त्याच कोपऱ्यावर?
तो, तो म्हणतेय मी.
‘टी’ म्हणजे टेगिड असेल, नाहीतर टेग्वेनसुद्धा.
माझ्या आधी कितीतरी वर्षं
कुणीतरी हीच चूक न चुकता करत होतं,
आणि चाकू त्या चुकीवर छान चालत होता.

भूमितीची बाई माझ्यात अजून खडू घेऊन उभी आहे.
तिला दोन्ही बाजू सारख्या हव्या होत्या.
एक दुपार घातली असती तर झाल्याही असत्या,
पातं थोडं झिजलं असतं, इतकंच.
मी दगड धुतला आणि पालथा घातला.

आयव्हियनने आता हात पुढे केला.
कोटाच्या खिशातून सफरचंद काढलं,
अंगठ्याचा टेकू दिला आणि अगदी मधोमध
सरळ कापायला घेतलं.
पातं आत शिरलं, आणि हळूच
डावीकडे वळलं, आपल्या जुन्या वाटेने.
एक फाक मोठी झाली, एक लहान.
त्याने दोन्हींकडे नीट पाहिलं,
मला लहान दिली.