चोवीस तासांची बरणी

बरणी तीन लिटरची. झाकण लाल.
मुर्झा गुलबानी ती कोटाखाली लपवून आणतो,
चोरलेल्या कोंबडीसारखी,
आणि टेबलावर ठेवण्याआधी खिडकीकडे बघतो.
मेस्तियात खिडक्यांना डोळे असतात, तेही नात्यातले.

मी उचलते. हलकी.
सातशे मिली.
लातालीहून रोज गाडी हाकत येणारा सहा फुटी माणूस,
दिवसाला नऊ ग्लास चहा रिचवणारा,
त्याचं रात्रंदिवसाचं सातशे?
"सगळं यात आहे ना, काका?"
"सगळं."
"पहाटेचं पहिलं टाकलंत, मग दुसऱ्या पहाटेपर्यंतचं सगळं?"
"सगळं म्हटलं ना, पोरी."

दंडाला पट्टा गुंडाळते.
एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चार.
गोळी?
"चढतं तेव्हा घेतो."
चढलेलं कळतं कसं?
"घाट चढताना इंजिन सांगतंच की," तो हसतो.
दुखत काही नाही. कुठेच नाही.

हेच तर.
दात ठणकला की माणूस गुडघाभर बर्फ तुडवत येतो.
मूत्रपिंडं ठणकत नाहीत.
मुठीएवढी दोन, पाठीला टेकून बसलेली,
खाल्ल्या मिठाला जागतात.
रात्र रात्र जागतात,
आणि थकली तरी हाक मारत नाहीत.

मीठही आमच्याकडे साधं नसतं.
लसूण, धणे, निळी मेथी, झेंडूच्या वाळल्या पाकळ्या,
उखळात कुटलेलं, घराघराचा रंग वेगळा.
त्याची बायको त्सिआला दर शरदात मला एक पुडी पाठवते.
मी नको म्हणत नाही. मीही इथलीच.

"पुन्हा करावी लागेल, काका."
तो टोपी हातात घेतो, फिरवतो,
कड सापडत नसल्यासारखी.
मग म्हणतो, "काल बेखानचं जेवण होतं."

बेखान. गोठ्यात, दुधाच्या बादलीशेजारी पडला.
तोंड वाकडं, डावा हात गेलेला, दोन दिवसांत संपला.
त्यालाही काही दुखत नव्हतं.
"माझ्याहून दोन वर्षांनी लहान.
दीडशे माणसं, अंगणात एक संडास.
समोर त्याचा फोटो, आणि मी बरणी घेऊन उठू?
मनोऱ्यामागे गेलो. बर्फात.
दोनदा.
तिसऱ्यांदाही गेलो. काही झालं नाही.
नुसता उभा राहिलो."

मी काही बोलत नाही.
दंडातून एक नळी रक्त घेते,
सातशे मिली मोरीत ओतते,
बरणी धुते, पुसते, त्याच्या हातात देते.

गुरुवारी बरणी घेऊन त्सिआला आली.
गच्च भरलेली नाही, पण वजनाची.
दोन हजार शंभर.
पोटाला पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवलेला, त्यावर पेन्सिलीनं:
सहा वीस, हे टाकलं.
नऊ पाच.
बारा, गाडीतल्या डब्यात, घरी आल्यावर ओतलं.
रात्री एक चाळीस, उठला. बराच वेळ खिडकीशी.
तीन दहा, पुन्हा. मी जागीच होते.

यंत्र घरघरतं, मग आकडा देतं.
मिनिटाला सेहेचाळीस मिली गाळतात दोघं मिळून.
नव्वदच्या वर हवं होतं.
आणि प्रथिन झिरपतंय, थोडं, जुन्या छपरातून झिरपावं तसं.
डॉक्टर त्याला गोळी रोजची करतील, आणखी एक वाढवतील,
मिठाचं बोलतील. तो ऐकेल की नाही,
ते यंत्र सांगत नाही.

त्सिआला जात नाही. हातमोजे घालते, काढते.
पुडी आणली असेल, मला वाटतं.
पिशवी रिकामी आहे.
"माझंही डोकं," ती म्हणते,
"सकाळी उठलं की, मागच्या बाजूला.
त्याच्याच ताटातलं खाते ना मी. चाळीस वर्षं."

मी कपाटातून बरणी काढते. तीन लिटरची.
ती कोटाखाली घेत नाही.
हातात धरून रस्त्याच्या मधोमध चालत जाते,
लाल झाकण वर,
सगळ्या खिडक्यांसमोरून.