आरपार

बागवानच्या दुकानातून पिशवीत आणला
तेव्हा करंगळीएवढा होता.
नाव सांगितलं, अरापैमा.
लांबच्या कुठल्या नदीचा,
जिथं म्हणे थंडी पडतच नाही.
निवास वस्तादांच्या तोंडी ते बसेना.
आरपार म्हणायचे.

तालमीत पुढं लाल मातीचा हौदा,
मागं आंघोळीचा हौद.
मध्ये एक भिंत आणि एक काना.

पाचव्या वर्षी तो माझ्यापेक्षा लांब.
खुराकाला कोंबडीची आतडी, खेकडे,
रंकाळ्याच्या चिलाप्या.
शेपटीकडं खवले तांबडे,
कुणी मातीत लोळवून काढल्यासारखे.

मासा असून त्याला हवा लागायची.
वर यायचा, खोकायचा, बुडायचा.
पहाटे चारला त्या खोकल्यावर आमचे जोर,
एका खोकल्यापासून दुसऱ्यापर्यंत तीनशे.
कुणी मध्येच बसला की वस्ताद,
‘मुकं जनावर दम धरतंय,
आन् तुला काय झालंय रं?’

मग त्या साली पंचगंगा गल्लीत आली.
मारुती माडीवर नेला, गदा नेल्या,
बदामाचा डबासुद्धा.
त्याला कुठं नेणार?
हौद, हौदा, गल्ली, नदी,
संध्याकाळी सगळं एका पातळीत.
वस्ताद जिन्यात, पाण्यावरच्या पहिल्या पायरीवर,
कंदील न लावता.
खोकला आला.
मग फाटकाकडून आला.
मग गिरणीच्या मागून, बारीक.
वस्ताद उजाडेपर्यंत उठले नाहीत.

गाळ काढला. माती नव्यानं मळली,
ताक, तेल, हळद.
तिच्यात एक खवला मिळाला, पुरीएवढा.
वस्ताद त्यावर नखं घासतात.

कुणी सांगतं, शिरोळकडं उसात अडकला होता.
कुणी म्हणतं, कुरुंदवाडात तुकडे करून विकला,
दोनशे रुपये किलोनं.
वस्ताद सगळ्यांना एकच विचारतात,
‘पाठ लागलेली बघितलीस?’
बघितलेली नसते.
‘मग कुस्ती निकाली न्हाई.’

परवा मी घाटावर बसलो.
फुटक्या कानानं कमी येतं ऐकायला,
म्हणून दुसरा कान पाण्याकडं केला.
जोर न मारता नुसतंच मोजत गेलो,
दोनशे चाळीसला वडगावची एसटी आठवली.
उठताना पाय धुतले.
पाणी गार होतं,
माघ असूनही जरा जास्तच.