शंभर फिल्स

मुहर्रकच्या टपाल कचेरीत, तिसऱ्या खिडकीमागे
बावीस वर्षं मी शिक्का मारतोय.
त्याचीही एक रीत असते:
मनगट सैल, शाई बेताची,
आणि चेहऱ्यावर मारायचा नाही.
हे कुणी शिकवत नाही. आपलं आपल्याला कळतं.

त्या वर्षी खेळांची तिकिटं आली.
नेमबाज, पोहणारा, तलवारवाला,
आणि शंभर फिल्सवर धावणारा मरहून.
लाल बनियन, गुडघा छातीला टेकायच्या बेतात,
गुडघ्यावर जुना व्रण, तांदळाच्या दाण्याएवढा.
चित्रकारानं तोसुद्धा सोडला नव्हता.
सोडली होती ती बाकीची सात माणसं.

ती शर्यत मी पाहिली होती,
हमूदच्या चहाच्या दुकानात, रात्री दोनला, उभ्यानं.
सगळे ओरडत होते. मीही ओरडलो,
कोणत्या भाषेत, आठवत नाही.
मिनिटभराचाही खेळ नव्हता तो.
मरहून आठवा आला.
हमूदनं टीव्ही चालूच ठेवला, आवाज तेवढा कमी केला,
आणि त्या रात्री कुणाकडून चहाचे पैसे घेतले नाहीत.

तिकिटावर मात्र तो एकटा.
पुढे कुणी नाही,
दातेरी कडेपर्यंत मोकळं मैदान.

पेव्याला आईच्या पत्र्याच्या पेटीत आज्याची पत्रं आहेत.
आजा मोत्यांच्या गलबतांवर सुतार होता.
पाकिटावर हिंदुस्थानचं तिकीट, राजाचं डोकं,
आणि त्यावर आडवा छापलेला काळा शब्द: बहरीन.
उसन्या सदऱ्यावर आपलं नाव टाकावं, तसा.
आता या बेटाचं स्वतःचं तिकीट आहे,
तिकिटावर गुडघा आहे, गुडघ्यावर व्रण आहे.
म्हणून मी मरहूनला कोपऱ्यातच शिक्का मारायचो,
वर्तुळाचा चतकोर तुकडा फक्त.
साहेब म्हणाले, पेवेकर, लोक हे सोडवून परत वापरतील.
म्हटलं, पळू दे की साहेब, आणखी एकदा.

गेल्या मंगळवारी दुपारच्या नमाजानंतर एक जण आला.
पोट सुटलेलं, पांढरा थोब घोट्यापर्यंत,
हातात तपकिरी पाकीट, मुलीच्या कॉलेजचे कागद, कैरोला.
वजन केलं. आठशे फिल्स.
पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि वर पाहिलं.
चेहऱ्यावरून खात्री होईना.
गुडघा दाखवा, असं कसं म्हणणार?

तळच्या खणात जुन्या पानाचा तुकडा शिल्लक होता.
मोजून आठ काढली.
एकाला एक लावून चिकटवली पाकिटाच्या माथ्यावर,
आठ लाल बनियनं, आठ गुडघे,
सगळे एका रेषेत, कुणी कुणाच्या पुढे नाही.

तो बराच वेळ बघत राहिला.
मागच्या माणसानं घसा खाकरला.
मग त्यानं डावीकडून बोट सरकवत नेलं,
एक, दोन, आणि थांबला.
हिंदीत म्हणाला, मैं इस लेन में था.

पैसे मोजले, सुटे परत घेतले, निघून गेला.
जिना उतरताना एक हात कठड्यावर,
एका पायाला जरा जपत.

मी शिक्का उचलला. डावीकडून सुरुवात केली.
सात नीट उमटले, कोपऱ्यात, चतकोर.
तिसऱ्यावर काहीच उठलं नाही.
शाई बेताची असते.