घेर

उद्या पाच मे. वर्गात बावीस मुलं,
सहा-सहा वर्षांची, अर्ध्याअधिकांचे पुढचे दात पडलेले,
आणि मला त्यांना सांगायचंय
युद्ध संपलं तेव्हा माणसांनी आनंद कसा केला.

युद्ध म्हणजे काय ते विचारू नका रे, असं मनात म्हणतेय
तोवर वाउटरचा हात वर:
"बाई, संपलं हे त्यांना कळलं कसं?"
घंटा वाजल्या, मी म्हणते. मग आठवतं,
आपल्या गावच्या घंटा तर आधीच उतरवून नेल्या होत्या,
वितळवायला.
म्हणून चूक सुधारते: कुणीतरी ओरडलं.
मग शेजारचं कुणी, मग कालव्यापलीकडचं.
बातमी घरोघर गेली,
वाटीभर विरजण जावं तशी.

"मग केक कापला?"
पीठच नव्हतं, मेरेल.
त्या हिवाळ्यात इथे लोकांनी
ट्यूलिपचे कांदे उकडून खाल्ले.
बावीस माना एकदम खिडकीकडे.
काचेच्या बरणीत सात ट्यूलिप,
आपण त्या गावचेच नाही अशा चेहऱ्याने उभे.
"फुलं खाल्ली?"
फुलं नाही, जमिनीतले कांदे.
"कसे लागतात?"
मला काय माहीत. घसा खवखवायचा म्हणे.

मी खोका उघडते.
पलीकडच्या गल्लीतल्या आल्तयेबाईंनी
दहादा बजावून दिलेला, त्यांच्या आईचा स्कर्ट.
ठिगळाला ठिगळ, गोधडीच म्हणा,
फक्त पांघरायची नाही, नाचायची.
त्या वर्षी बायकांनी असे स्कर्ट शिवले,
घरात जे उरलं होतं त्याचे.
हा उशीचा अभ्रा. हे बाळाचं दुपटं.
हा नारिंगी, हा रंग मिरवायला बंदी होती,
मग बसला होता कुठे रिकाम्या डब्यात दडून.
काठावर तारीख, लाल दोऱ्याने,
पाचाचं पोट जरा वाकडं आलेलं.

"आणि हा काळा?"
खिडकीचा पडदा. उजेड बाहेर दिसू नये म्हणून
रात्री प्रत्येक घर डोळे मिटून बसायचं.
संपलं त्या रात्री पडदे ओढून काढले,
मेणबत्ती, कंदील, ज्याच्याकडे जे होतं ते लावलं,
आणि सगळे रस्त्यावर येऊन
आपलंच घर बाहेरून बघत राहिले.

काळ्याच्या शेजारी एक राखाडी तुकडा, लोकरीचा.
कोटाचा.
कुणाचा कोट ते आल्तयेबाईंनी सांगितलंय मला.
मुलं विचारत नाहीत.
मी बोट पुढच्या तुकड्यावर नेते.

आज संध्याकाळी आठ वाजता
सगळा देश दोन मिनिटं गप्प राहील.
जे परत आले नाहीत त्यांच्यासाठी.
चला, आपण करून बघू.
ओठ घट्ट, हात मांडीवर, पायसुद्धा हलत नाहीत.
एक मिनिट. एक मिनिट दहा सेकंद.
आणि सीत्स्केच्या पोटात कावळे ओरडले,
असे खणखणीत की तीच दचकली.
हसू पहिल्या बाकावर फुटलं,
दुसऱ्यावर गेलं, मग भिंतीकडच्या रांगेत.
मी रागवायला तोंड उघडलं
आणि माझ्याच तोंडून ते बाहेर पडलं.

मग सीत्स्केलाच नेसवला तो स्कर्ट,
कमरेला तीन पिना टोचून, तरी काठ जमिनीवर.
"फिर," म्हटलं.
ती फिरली. घेर उठला.
नारिंगीमागे काळा, काळ्यामागे राखाडी,
मग कुठला कुठे ते दिसेना.
फार नाही, चार गिरक्या. एक पीन पडली.
आल्तयेबाईंना हे सांगायचं की नाही, ठरलेलं नाही.

मुलं गेली. मी खळ पुसते,
कागदी पताका वेचते, खोका बांधते.
खिडकीत बरणी. सात ट्यूलिप.
सातव्याच्या पाकळीला एक चावा,
अर्धगोल, ताजा,
आणि बरोबर मधोमध
दोन दातांएवढी पाकळी तशीच.