पाच दिवसांचे पैसे

सात दिवसांचं पॅकेज, बाराशे रिंगिट.
शेक, मालीश, पोटाला पट्टा.
मी नको म्हटलं होतं.
ताइपिंगच्या हातमोज्यांच्या कारखान्यात मी हिशेब लिहिते,
कुठला खर्च पुन्हा उगवत नाही ते मला वासावरून कळतं.
फौजान म्हणाला, माझ्या आईने घेतलं होतं सगळं.
त्याच्या आईला विचारलं. ती म्हणाली,
"तेव्हा पॅकेज कुठलं गं? शेजारीण यायची,
जाताना एक कोंबडी न्यायची."

क्लिनिकमधल्या नर्सने बाळ काट्यावरून उचललं
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"गर्भाशय आपल्या पायांनी घरी जातं,
त्याला वाटाड्या लागत नाही.
बरं वाटत असेल तर करा.
फक्त टाक्यांपाशी गरम दगड नको,
आणि पट्टा एवढा आवळू नका
की श्वास उसना आणावा लागेल."

मक जेनाब आली स्कूटरवरून,
डिकीत नदीतला गोटा, पंचावर गुंडाळलेला.
गॅसवर तापवला, बारतोंडीच्या पानांत बांधला,
पानं चुरचुरली, घरभर हिरवा जळका वास.
मग लांबच लांब कापड, छातीखालून मांड्यांपर्यंत,
समोर गाठींची एक रांग.
मी आरशात पाहिलं :
पोस्टाने परत आलेलं पार्सल.

काकडी नको, थंड पाणी नको, केस ओले ठेवू नको,
अंगात वारा शिरतो.
मध्यरात्री फ्रिज उघडून मी बार्लीचं थंडगार पाणी प्यायले.
वारा आला असेल तर मला भेटला नाही.

तिसऱ्या दिवशी दूध उतरलं, ताप आल्यासारखं.
टीव्हीवर तांदळाचा भाव सांगत होते, मी रडले.
चौथ्या दिवशी तिच्या हातांखाली झोपले,
तोंड उघडं टाकून.
बाळ रडलं म्हणे. मला पत्ताच नाही.
याची किंमत किती लावायची?
आमच्या ऑफिसातल्या कलैसेल्वीने काहीच केलं नव्हतं.
ना गोटा, ना पट्टा. आठव्या आठवड्यात कामावर.
स्टोअरच्या जिन्यावर आम्ही दोघी
आज सारख्याच धापा टाकतो.

सहाव्या दिवशी तिने डावी पोटरी हातात घेतली.
सोडली.
तळहात उलटा करून पुन्हा लावला,
मग उजवीला, मग पुन्हा डावीला.
पट्ट्याच्या टोकाने दोन्ही पोटऱ्या मोजल्या.
डावी दोन बोटं जास्त.
तेलाची बाटली बंद केली.
"आज हात लावणार नाही."
मी म्हटलं, पैसे दिलेत.
"परत देते. गाडी काढायला सांग. चालू नकोस."

इस्पितळात थंड चिकट मलम,
पडद्यावर राखाडी ढग,
ढगात माझ्या करंगळीएवढी गाठ.
डॉक्टरीणबाईने एकच विचारलं,
"कुणी चोळलं नाही ना?"

आता रोज संध्याकाळी मी स्वतःच पोटात सुई टोचते,
जिथे पाच दिवस गोटा फिरला त्याच जागी.
मक जेनाब येऊन तीनशे त्रेचाळीस देऊन गेली.
दोन दिवसांचे. मी मनात भागाकार केला,
चौदा सेन जास्त.
बोलले नाही.

पॅकिंगमधली युसनिता सात महिन्यांची आहे.
फोन करून विचारते, घेऊ का गं?
पोट आत जातं का खरंच?
मी म्हणते, जेवढं जायचं तेवढं जातंच.
दगड गरम असतो, छान वाटतं.
पगार बघ.
आणि बाईला आधी हे विचार,
कुठल्या दिवशी ती हात लावत नाही.
नीट उत्तर आलं नाही, तर कोंबडी आणून
सूप करून खा.

वहीत अजून लिहिलेलं नाही.
खर्चाच्या रकान्यात पाच दिवस बसतात.
सहावा कुठे मांडू?
त्याचे तर मी पैसेच दिले नाहीत.
उलट चौदा सेन माझ्याकडे निघतात.